हौद, खुराक आणि दोन जोड्या

नोकरदार माणसाला शेती सुधारायची लहर उन्हाळ्यातच येते. पावसाळ्यात चिखल असतो, हिवाळ्यात लग्नसराई असते, आणि उन्हाळ्यात मात्र वावर रिकामं आणि डोकं तापलेलं असतं. धम्मानंदराव खिल्लारे यांचंही असंच झालं, पण त्यांच्या लहरीमागे कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव केशरबाई होतं.

धम्मानंदराव सेनगावच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. लोक कंट्रोलर म्हणतात, ते त्यांना आवडत नाही. माइकवरचा त्यांचा आवाज मात्र साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. पुसदला निघालेला माणूस त्यांची घोषणा ऐकून मोहात पडतो आणि हिंगोलीच्या गाडीत जाऊन बसतो, असं म्हणतात. त्यांची आई केशरबाई सेनगावला येऊन राहत नाही. 'तुमच्या घरात जमीन कुठं हाय, सगळी फरशीच हाय' हे तिचं उत्तर ठरलेलं. ती गावी राहते, एक गाय आणि एक शेळी सांभाळते आणि नवऱ्यामागं साडेतीन एकर बघते. गावाचं नाव इथं सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्याचं श्रेय आता शेजारची दोन गावंही घेतात.

पाडवा झाल्यावर धम्मानंदराव गावी गेले, तर लिंबाखाली बसलेल्या केशरबाईनं पाणी द्यायच्या आधीच सांगून टाकलं, "संतराम वावर बटईनं मागून राहिला. मी व्हय म्हनावं म्हनते."

संतराम म्हणजे बांधाला लागून असलेला शेतकरी. त्याच्याकडे बैल होते, ट्रॅक्टर होता आणि दुसऱ्याच्या कामावर देण्यासाठी सल्ल्यांचा मोठा साठा होता. बटई म्हणजे पेरणार तो, राबणार तो आणि निम्मं पीक नेणारही तोच. व्यवहार म्हणून त्यात वावगं काही नव्हतं, पण धम्मानंदरावांना ते काळजाला लागलं. बापाचं वावर दुसऱ्याच्या हाती जाणार आणि आपण स्टँडवर बसून दुसऱ्यांना गाड्यांत बसवत राहणार.

"माय, मी हाय ना."

"तू हायेस. पन सेनगावात हायेस. आखाड्याकडं बघ जरा."

आता आखाडा म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दानं केला आहे. आमच्या हिंगोलीकडं वावरात गुरं बांधायला, कडबा रचायला आणि दुपारी आडवं व्हायला जे छप्पर असतं, त्याला आखाडा म्हणतात. कुस्ती शिकतात ती तालीम, तिच्यातला मातीचा खड्डा तो हौदा, आणि कुस्त्या लागतात तो फड. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला मात्र आखाडा म्हटलं की माणसाला आधी लंगोट आठवतो.

खिल्लाऱ्यांच्या आखाड्याची दशा बघवत नव्हती. पत्रे गंजले होते, एक खांब गुडघ्यात वाकला होता आणि गाय सावलीसाठी सूर्याबरोबर फिरत होती.

"तुझा बाप म्हनायचा, माह्या जोडीचा पंचक्रोशीत कोणी न्हाई," केशरबाई म्हणाली. "अन् त्याच्या आखाड्याचं हे असं झालं. मिरगाच्या आत नीट करून दाखव. गाईला सावली पायजे, पानी पायजे, उभं ऱ्हायला जागा पायजे. तुला जमलं तर वावर तुझं. न्हाई जमलं, तर मिरगाला संतराम पेरन."

बापाचं ते वाक्य धम्मानंदरावांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांचा बाप जळबा बोलायचा मोठा, हे साऱ्या गावाला माहीत होतं. नांगरायला, भाकरी खायला, हसायला त्याच्या जोडीचा कुणी नसेलही. धम्मानंदरावांची बायको करुणा ही आरोग्यकेंद्रात परिचारिका, त्यामुळे ती सगळ्या गोष्टींकडे शांतपणे बघते. संध्याकाळी घरी आल्यावर सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "पट्ट्या आणि आयोडीन मी घेऊन ठेवते."

पहिलं काम पत्र्यांचं निघालं. उतार कुठल्या बाजूनं द्यायचा, यावर संतराम बांधावर उभा राहून अर्धा दिवस बोलला. "पश्चिमेकडं द्या साहेब. पानी बराबर माह्या वावरात जाईन, तुमाला तकलीफ न्हाई." त्यातला स्वार्थ इतका उघडा होता की धम्मानंदरावांनी मुद्दाम उतार पूर्वेकडं दिला. चार दिवसांनी वावटळ आली. पश्चिमेकडची उंच बाजू तिनं खालून उचलली, आणि पाणी नाही तर नाही, पत्रेच संतरामच्या वावरात गेले. संतरामनं ते व्यवस्थित गोळा करून परत आणून दिले, आणि काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं धम्मानंदरावांना फार झोंबलं. पत्रे पुन्हा बसवले, यावेळी पश्चिमेकडं.

दुसरं काम हौदाचं. गाईला पाणी प्यायला सिमेंटचा हौद बांधायचा होता. गवंड्यानं फोनवरच विचारलं, "उंची किती घ्यायची?" धम्मानंदराव त्यावेळी घोषणेच्या गडबडीत होते. एका हातात माइक, एका हातात फोन. ते म्हणाले, "कमरेएवढी." गवंडी सहा फुटी होता आणि त्यानं स्वतःची कंबर धरली. हौद असा झाला की गाय त्याच्याजवळ उभी राहून नुसता वास घ्यायची. केशरबाईनं बघितलं आणि विचारलं, "हे गाईला हाय का उंटाला?"

हौद पाडायचा, तर धम्मानंदरावांची इज्जत पडत होती. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यानं तोड काढली. हौद खाली येत नसेल तर गाय वर न्यायची. पाझर तलावातला गाळ उन्हाळ्यात लोक उपसून नेतातच, त्याच्या ट्रॉल्या आणून हौदापुढं ओतल्या. माती पसरू नये म्हणून चारी बाजूंनी विटांची कड घातली. झाला एक ऐसपैस चौकोन. गाय त्यावर चढली, मान वाकवली आणि पाणी प्याली. तो क्षण धम्मानंदरावांनी मोबाइलवर टिपून ठेवला आहे. शेळीही चढली, पण ती पाणी पिता पिता आत पडली, ते टिपलेलं नाही.

पण केशरबाई समाधानी नव्हती. "गाळात खडे हायेत. गाईच्या खुराला रुतते." मग सगळी माती चाळली गेली. धम्मानंदरावांची एक साप्ताहिक सुट्टी या चाळण्यात गेली आणि नंतरची पाठ शेकण्यात. माती इतकी मऊ झाली की पाय घोट्यापर्यंत जायचा. मग मुंग्या झाल्या. संतराम बांधावरून म्हणाला, "हळदीचा भुगा टाका." हळद शिजवून, वाळवून पॉलिश केली की जो पिवळा भुगा उरतो, त्याचं पोतं तो स्वतःच घेऊन आला. या वेळी धम्मानंदरावांनी सल्ला ऐकला. मुंग्या गेल्या, माती पिवळसर झाली आणि तिला चांगला वास यायला लागला. गाय मात्र दोन दिवस नवरीसारखी हळदीच्या पायांनी फिरत होती.

एवढं झाल्यावर उद्घाटन न करणारा माणूस साधू असतो, आणि धम्मानंदराव साधू नव्हते. त्यांनी बुद्धपौर्णिमेचा दिवस ठरवला. सुट्टी होती, घरी खीर होणारच होती, आणि आईनं सगळ्यांसमोर 'वावर तुझं' म्हणावं अशी त्यांची मनातून इच्छा होती. सकाळी वंदना, मग खीर, मग वावराला वखराची पहिली पाळी. त्यासाठी संतरामच्या दोन बैलजोड्या सांगून ठेवल्या. संतराम हो म्हणाला, आणि वर हेही म्हणाला, "तसं बी मिरगापासून मलाच घालायची हाय पाळी."

सेनगावच्या माणसाचं उद्घाटन फ्लेक्सशिवाय होत नाही. हिंगोलीत दिपक नावाचा पोरगा फ्लेक्स छापायचा. तो नुकताच सांगलीकडून आला होता. धम्मानंदरावांनी त्याला स्टँडवरून फोन लावला, मागं औंढ्याची गाडी गुरगुरत होती.

"आखाड्याचं उद्घाटन आहे," धम्मानंदराव म्हणाले.

"आरं वा," दिपक म्हणाला. त्याला हिंगोलीत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. "नवा आखाडा व्हय? माती कसली?"

"गाळाची. चाळून घेतली. हळद टाकली."

"वा, वा. आणि हौदा?"

"हौद नवाच बांधला. मोठा."

"खुराक?"

"खुराकाची उत्तम सोय आहे. ते लिहाच."

"जोड्या किती लागणार साहेब?"

"दोन. पण तगड्या."

"फोटो कुणाचा टाकू?"

इथं धम्मानंदराव जरा थांबले. विनय हा गुण त्यांच्यात आहे, पण तो फार वेळ टिकत नाही. "माझाच टाका," ते म्हणाले, आणि ओळखपत्रावरचा फोटो पाठवून दिला.

दोन्हीकडं एकही शब्द खोटा बोलला गेला नव्हता, हे लक्षात घ्यावं. फ्लेक्स मात्र फाट्यावर लागला तेव्हा तिथं जीपवाल्यांनी गाड्या थांबवल्या. वर लिहिलं होतं 'भव्य उद्घाटन', त्याखाली 'आखाडा', मग 'चाळलेली माती, नवा हौद, उत्तम खुराक, तगड्या जोड्या'. मध्ये उघडाबंब, खांद्यावर गदा घेतलेला एक प्रचंड माणूस उभा होता आणि त्याच्या मानेवर धम्मानंदरावांचं चष्म्याचं डोकं होतं. खाली 'वस्ताद धम्मानंद खिल्लारे'.

करुणा बराच वेळ बघत राहिली. "धड कोणाचं आहे हे?"

"मला काय माहीत?"

"बरं आहे," ती म्हणाली.

धम्मानंदरावांनी दिपकला फोन करून झापलं. तो म्हणाला, "गदा लहान वाटती का साहेब?" फ्लेक्स उतरवायला ते निघाले, तोवर त्याचा फोटो मोबाइलवरून डोंगरकडा आणि आखाडा बाळापूर या गावांना पोचला होता आणि पोलिसांपर्यंतही पोचला होता. बीट जमादार मोटारसायकलवरून थेट स्टँडवर आले.

"कुस्तीच्या फडाला परवानगी कुठं हाय?"

"जमादारसाहेब, कुस्ती नाही हो. आपला गुरांचा आखाडा. जोड्या म्हणजे बैलजोड्या."

"म्हंजे शंकरपट."

"शर्यत नाही. बैल वावरात इकडून तिकडं जातील, बस."

"दोन जोड्या?"

"हो."

"एकदाच सुटतीन?"

"सुटतील."

"पब्लिक बघन?"

"आता आले तर बघणारच."

"म्हंजे शंकरपटच," जमादार समाधानानं म्हणाले. "त्याची परवानगी जिल्ह्याहून. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, बैलांचे फोटो, मैदानाचा नकाशा, लई भानगड हाय. पौर्णिमेच्या आत काई होत न्हाई. कुस्तीचं म्हनाल तर साधा अर्ज. आत्ता द्या, संध्याकाळी शिक्का."

धम्मानंदराव एसटीतले. जवळचा रस्ता मोकळा असताना लांबचा घ्यायचा नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. त्यांनी तिथंच टेबलावर अर्ज लिहिला, सही केली, आणि सही केल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण सरकारला लेखी कळवलं आहे की आपण कुस्त्या भरवणार आहोत.

तरी त्यांनी मनाची समजूत घातली. शब्दांचा प्रश्न आहे, उन्हाळा आहे, कोण येतंय इतक्या लांब. खीर पन्नास माणसांची सांगितली.

पौर्णिमेच्या सकाळी आखाडा नटला होता. खांबाला पंचशील ध्वज, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं फुलं, शेजारी भाड्याचा माइक. वंदना शांततेत झाली. गावातले चाळीसेक लोक होते. संतराम आपल्या दोन बैलजोड्या घेऊन बांधावर उभा होता. धम्मानंदराव आता आईकडं वळून सगळ्यांसमोर तो प्रश्न विचारणार, इतक्यात फाट्याच्या बाजूनं धुरळा उठला.

पहिली जीप डोंगरकड्याची. तिच्यातून कान मोडलेले, मान नसलेले पैलवान उतरले. दुसरी बाळापूरची. ज्या गावाच्या नावातच आखाडा आहे, तिथली माणसं असल्या कार्यक्रमाला मागं कशी राहणार? मग ट्रॅक्टर, मोटारसायकली, सायकलींवरची पोरं. बघता बघता वावराच्या कडेनं दोन-अडीचशे माणूस बसलं. डोंगरकड्याचे म्हातारे वस्ताद भीमराज, पांढऱ्या मिशांचे आणि फेट्याचे, सरळ त्या विटांच्या चौकोनावर चढले. त्यांनी मूठभर माती उचलली, चुरली, नाकाशी नेली.

"गाळाची हाय," ते म्हणाले. "चाळलेली हाय. हळद टाकलेली हाय." त्यांचे डोळे भरून आल्यासारखे झाले. "अशी माती करनारा मानूस आता ऱ्हायला न्हाई. कुठं हायेत वस्ताद?"

धम्मानंदराव हौदामागं होते. तिथं त्यांना करुणानं गाठलं.

"खीर पन्नास माणसांची आहे," ती म्हणाली.

"मी सांगतो सगळ्यांना. माफी मागतो. चूक झाली म्हणतो." आईसमोर, संतरामसमोर, सगळ्या गावासमोर शोभा होणार होती. उद्यापासून स्टँडवर गाडी लावताना ड्रायव्हरसुद्धा वस्ताद म्हणून हाक मारणार होते, आणि वावर तर गेलंच होतं. ते बाजेवर बसलेल्या केशरबाईकडं गेले. "माय, घोटाळा झाला. हे लोक कुस्त्या खेळायला आलेत. मी यांना परत पाठवतो."

केशरबाई त्या मातीकडं बघत होती.

"कोणाला परत पाठवतो?" ती म्हणाली. "या वावरातून कोणालाच परत पाठवायचं न्हाई. खाली बस."

धम्मानंदराव बाजेच्या पायाशी बसले.

"तुझा बाप याच आखाड्यात जोर काढायचा. दगड उचलायचा. कसा होता तू पाह्यला न्हाईस, तू झालास तवा त्याची कंबर धरली होती. जत्रंत कुस्त्या ऱ्हायच्या. दरसाल जायचा लंगोट बांधून. हलगी वाजायची, जोड्या लागायच्या. याची पाळी आली का पंच याच्याकडं न बघता म्हनायचे, याच्या जोडीचं इथं कोणी न्हाई. अन् आपल्या वस्तीतल्या मानसाला जोड काहून नसते, हे लेकराला बी कळत होतं. तसाच अंगाला माती न लागता घरी यायचा. अन् दारातून छाती काढून मला म्हनायचा, केशर, माह्या जोडीचा पंचक्रोशीत कोणी न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी हसायची. तो बी हसायचा. तू त्याला बढाई समजलास."

इतकी वर्षं ते वाक्य धम्मानंदरावांनी चारचौघात नक्कल करून सांगितलं होतं.

"लाव कुस्त्या," केशरबाई म्हणाली. "त्याच्या आखाड्यात लाव."

ते उठले. समोर गोंधळ होता. पैलवान कपडे काढत होते, पोरं हौदावर चढली होती, शेळी दुसऱ्यांदा आत पडली होती आणि कुणाची जोड कुणाशी यावरून दोन गावं हमरीतुमरीवर आली होती. धम्मानंदरावांनी माइक उचलला. त्यापुढं काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या आवाजाला ठाऊक होतं.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," आवाज म्हणाला, आणि अडीचशे माणसं गप्प झाली. "डोंगरकड्याहून आलेले पैलवान हौदाच्या डाव्या बाजूस थांबतील. आखाडा बाळापूरहून येणारे पैलवान उजव्या बाजूस लागतील. हौदावर चढलेल्या मुलांनी त्वरित खाली उतरावे. पहिली कुस्ती थोड्याच वेळात सुटणार आहे."

माणसं रांगेत लागली. हिंगोलीकडचा माणूस कुणाचं ऐकेल न ऐकेल, पण ज्या आवाजानं त्याला आयुष्यभर गाडीत बसवलं, त्याचं तो निमूटपणे ऐकतो. भीमराज वस्ताद पंच झाले. कुस्त्या लागल्या, आणि काय लागल्या. ती मऊ, पिवळी माती अशी उडत होती की पडणाराही हसत उठायचा. धम्मानंदराव प्रत्येक डावाचं वर्णन करत होते. "बाळापूरचे पैलवान सुरज वळण घेत आहेत, वेग वाढवत आहेत, आणि डोंगरकड्याचे पैलवान आपल्या नियोजित जागी पाठीवर पोचलेले आहेत." लोक पोट धरून हसत होते. बक्षीस म्हणून केशरबाईनं घरची तूर काढली आणि जिंकणाऱ्याच्या उपरण्यात स्वतःच्या हातानं ओतली. करुणा पट्ट्या बांधत होती. खिरीचं भांडं बघून संतरामची बायको नर्मदाबाई घरी गेली आणि दुधाचे कॅन घेऊन आली. मग गावातल्या बाया एकाच चुलवणाभोवती बसल्या आणि खीर वाढत गेली.

शेवटची कुस्ती झाली तरी लोक उठेनात. एका पोरानं फाट्यावरचा फ्लेक्स काढून आणला होता. त्यानं तो उंच धरला आणि म्हणाला, "वस्तादांची कुस्ती पायजे." सगळ्यांनी ते उचलून धरलं. वस्ताद, वस्ताद असा घोष सुरू झाला.

धम्मानंदरावांनी माइकवर सांगितलं की सदर वस्तादांचे वय निवृत्तीकडे झुकलेले असून त्यांना मणक्याचा त्रास आहे. कुणी ऐकलं नाही. त्यांचा शर्ट कुणी काढला, पँट गुडघ्यापर्यंत कुणी दुमडली, त्यांना कळलं नाही. चष्मा करुणानं काढून घेतला. "धड फ्लेक्सवरचंच हवं होतं," ती हळूच म्हणाली. ते मातीत उभे राहिले. फ्लेक्सवरच्या माणसाशी त्यांचं साम्य फक्त मानेच्या वर होतं.

भीमराज वस्तादांनी चहूकडं बघितलं. पैलवान सगळे पंचविशीच्या आतले. बापाच्या वयाच्या माणसाला हात लावायला कुणी पुढं येईना. भीमराजांना या गावातलं जुनं काही माहीत नव्हतं. ते सरळ मनानं हसून म्हणाले, "वस्तादांच्या जोडीचं इथं कोणी न्हाई."

केशरबाईचा तुरीतला हात थांबला. गावातली जी जुनी माणसं होती, ती एकाएकी खाली बघायला लागली. धम्मानंदरावांना उघड्या अंगावर वारा लागला, आणि आपण आता शर्ट मागून निघून जावं असं त्यांना फार फार वाटलं.

"काहून न्हाई?" बांधावरून कुणीतरी म्हणालं.

संतराम होता. त्यानं बैलांचे कासरे पोराच्या हातात दिले, टोपी काढून खांबाला अडकवली, सदरा काढला. साठी ओलांडलेला माणूस, पोट धम्मानंदरावांपेक्षा दोन बोटं पुढं. नर्मदाबाई ओरडली, "अहो, कंबर." त्यानं ऐकलं नाही. तो बाजेपाशी आला आणि वाकला. "काकू, जत्रंत तवा पंच माहे वडील असायचे," तो एवढंच म्हणाला. मग मातीत उतरला, दंडाला माती लावली आणि मूठभर धम्मानंदरावांच्या दंडालाही लावली. "जळबाकाकाची जोड बाकी हाय. लावा."

हलगी नव्हती, तर कुणीतरी पत्र्यावरच वाजवायला लागलं. आता कुस्ती कशी झाली, ते विचारू नये. दोघांनी एकमेकांना धरलं आणि सोडलंच नाही. लांबून बघणाऱ्याला ते बऱ्याच वर्षांनी भेटलेले भाऊ वाटले असते. संतराम पश्चिमेकडं रेटायचा, धम्मानंदराव पूर्वेकडं. "पत्र्यासारखं करू नका साहेब," संतराम धापा टाकत म्हणाला, "पश्चिमेकडंच चला." त्यावर धम्मानंदरावांना हसू फुटलं, हसण्यात जोर गेला, आणि दोघं तसेच फिरत, घसरत हौदापर्यंत गेले. हौद बाहेरून कमरेएवढा होता, पण मातीच्या बाजूनं गाईच्या सोयीचा. दोघांच्याही मांड्या एकाच वेळी कडेला लागल्या, आणि शेळी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं दोघं गेले.

पाणी उडालं. भीमराज वस्ताद काठावर वाकले आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"पाठ कोणाची टेकली?" गर्दीतून प्रश्न आला.

"दोघांचीबी," वस्ताद म्हणाले. "मी असं कधी पाह्यलं न्हाई. काय म्हनावं याला?"

"बराबर," केशरबाई बाजेवरून म्हणाली. तिचा आवाज सगळीकडं ऐकू गेला. "बराबरीत म्हना."

हौदातून संतरामचं डोकं वर आलं. "काकू, मग वावराचं?"

"वावर माहा पोरगा पेरन. तू तेवढ्या जोड्या घेऊन येत जाय."

"येतो," संतराम म्हणाला, आणि तोंडातलं पाणी थुंकलं. त्यानं धम्मानंदरावांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

धम्मानंदरावांनी हात लांब केला. कुणीतरी त्यात माइक दिला. केसांतून पाणी गळत होतं, समोरचं काही दिसत नव्हतं, ते चष्मा नसल्यामुळं की आणखी कशामुळं हे सांगता येत नाही. पण गाड्या सुटल्याच्या घोषणा करण्यात ज्याची हयात गेली, त्याचा आवाज अशा वेळी कापत नाही.

"कृपया लक्ष द्या," ते म्हणाले. "कालकथित जळबा खिल्लारे यांची कुस्ती, काही लोकांच्या कारणामुळे फार वर्षे उशिराने धावत होती. ती आत्ता या ठिकाणी बराबरीत सुटलेली आहे. झालेल्या विलंबाबद्दल..."

इथं मात्र आवाज कापला. केशरबाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "झालं ते झालं. खीर वाढा सगळ्यांना, गार होऊन राहिली."